डाव्या पानावरचं बेचाळीस

कमल, बटणावरची लाख शेवटी मीच मोडली. नखानं निघेना, तेव्हा तुझ्या खणातला चिमटा घेतला आणि त्याच्या टोकानं उकरली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एवढी पक्की लाख लावलीयास, आत काय खजिना हाय व्हय?" खजिना नव्हता. सदतीस हा आकडा होता.

तुला जाऊन अडीच महिने होत आले. लोक भेटतात, बोलतात, मी ऐकून घेते. हुशार होती म्हणतात, गुणी होती म्हणतात. वेळापूरच्या रानातनं येऊन एम.एस्सी. झाली, हृदयाची झडप लहानपणीच बिघडलेली, तरी कधी कुरकुर नाही. सगळं खरं आहे आणि त्यातलं काहीच मला तुला सांगायचं नाही. मला आपल्या भांडणाबद्दल बोलायचंय. ते अर्धवट टाकून तू गेलीस. गेल्या आठवड्यापर्यंत मला हेसुद्धा ठाऊक नव्हतं की मी नेमकी कुणासाठी रडते आहे, मैत्रिणीसाठी की मला फसवून गेलेल्या बाईसाठी. आता ठाऊक आहे. रडू अजून येतंच, पण छातीवरचा धोंडा उतरलाय, आणि हे पहिल्यांदा तुलाच सांगायला हवं.

आपलं काम काय, हे तुझ्या आईला तू ज्या सोप्या शब्दांत सांगितलंस तसं मला कुठल्या व्याख्यानात जमलं नाही. "आई, पेशीत एक चिठ्ठी असती. ती लई लवकर विरती. आमी तिची टिकणाऱ्या कागदावर नक्कल करून ठेवतो." चिठ्ठी म्हणजे मेसेंजर आरएनए, टिकणारा कागद म्हणजे डीएनए. चिठ्ठी सशाच्या रक्तातून काढायची. नक्कल करणारा कारकून म्हणजे एक एन्झाइम, आणि ते आलेलं कोंबड्यांच्या एका विषाणूतून. मुंबईच्या एका संस्थेनं मोठ्या मनानं त्याची एक बारकी कुपी दिली होती. थर्मासात बर्फ घालून तूच ती रेल्वेनं आणलीस आणि सोलापूर येईपर्यंत थर्मास मांडीवरून खाली ठेवला नाहीस. दुसरी कुपी मिळणार नव्हती. ही संपली की काम संपलं.

आणि कारकून निघाला कामचुकार. चिठ्ठी पुरती उतरवायचाच नाही, पाव उतरवली की लेखणी खाली. त्याला नीट काम करायला लावायचं म्हणजे त्याच्या आवडीनिवडी शोधत बसायच्या. मॅग्नेशियम किती, मीठ किती, ऊब किती. माझा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या जागच्या जागी. आधी मॅग्नेशियम, मग मीठ, ऊब सगळ्यात शेवटी. तोवर वॉटरबाथचं, म्हणजे नळ्या उबेत ठेवायच्या पाण्याच्या डब्याचं, बटण सदतिसावर राहील. कुणाचा चुकून हात लागू नये म्हणून मी आप्पांच्या दुकानातून लाख आणली, मेणबत्तीवर वितळवली आणि बटण डब्याला चिकटवून टाकलं. आप्पा गिऱ्हाइकांची पार्सलं बंद करायचे तसं, वर अंगठ्याचा ठसासुद्धा उमटवला. वाण्याची लेक शेवटी.

तू कडेला उभी राहून बघत होतीस. म्हणालीस, "अक्का, ऊब आदी बघू या की. सदतीस माणसाची. हे तर कोंबडीतनं आलंय."

तू मला अक्का म्हणायचीस. माझ्या घरी कानडीत मोठ्या बहिणीला म्हणतात म्हणून सुरुवातीला चेष्टेनं, मग सवयीनं. मी कॉलेजात शिकवणारी, तू माझ्या प्रयोगखोलीतली सहायक, तरी आपल्यात अंतर अवघं दोन वर्षांचं.

"कोंबडीची ऊब वेगळी असते?" मी विचारलं.

तू माझ्याकडं असं बघितलंस की मी सूर्य कुठं उगवतो ते विचारलंय. "तू कदी कोंबडी हातात धरलीस का?"

नव्हती धरली. लिंगायताच्या घरात वाढलेली मी. आमची अव्वा, म्हणजे आई, अंड्याचं नावसुद्धा आवाज उतरवून घ्यायची.

"अंड्यावर खुडूक बसलेल्या कोंबडीच्या पोटाखाली हात घालून बघ. ताप आलेल्या लेकरावानी लागतंय."

मी म्हणाले, "कमल, विज्ञान कोंबडीच्या पोटाखाली हात घालून होत नसतं." हे वाक्य बोलताना मला फार बरं वाटलं होतं. माझ्याजवळच्या सगळ्या छापील निबंधांत सदतीस होतं, आणि छापील गोष्टीवर माझा विश्वास आप्पांचा तराजूवर असतो तेवढा.

आपलं दुसरं भांडण वहीवरचं. उजव्या पानावर तक्ता इंग्रजीत, तो मी तपासायची, सही करायची. डावं पान कोरं ठेवायचं असं मी सांगितलेलं. पण तुला कोरं पान बघवायचं नाही. तिथं तुझा मराठी बाजार भरायचा. लाईट किती वाजता गेली, पाऊस आला का, काळ्या सशानं पाला खाल्ला का. मी विचारलं तर म्हणालीस, "घाम यायला लागला की मला इंग्रजी सुचत न्हाय." मी त्या पानांना तुझं पंचांग म्हणायची. वर्षभर मी तुझी वही तपासली आणि डाव्या पानावर एकदाही नजर टाकली नाही.

मग मे महिना. चुलत बहिणीच्या लग्नाला मी आठ दिवस अक्कलकोटला गेले. परत आले तर टेबलावर फिल्म.

ती फिल्म मी आयुष्यभर विसरणार नाही. नकला जेलमधून, म्हणजे खळीसारख्या घट्ट थरातून, विजेनं पळवायच्या. आखूड असतात त्या भराभर खाली जातात, लांब असतात त्या वर अडकतात. वर एक्स-रेची फिल्म ठेवायची, की नकलेतला किरणोत्सारी फॉस्फरस तिला काळं करतो. तोवर आपल्या प्रत्येक फिल्मवर तळाला नुसता काजळ पुसल्यासारखा डाग यायचा. या फिल्मवर वर, अगदी हवी तिथं, एक सरळ काळी रेघ होती. पुरी नक्कल. तू गालात हसत होतीस आणि मी तुला मिठी मारली.

मिठी सुटल्यावर वही उघडली. तक्त्यात तापमानाच्या रकान्यात तू बेचाळीस लिहिलं होतंस. मी उठून वॉटरबाथ बघितला. बटण सदतिसावर, लाख शाबूत, माझ्या अंगठ्याचा ठसा जसाच्या तसा.

त्या वेळी मी वही मिटून ठेवली. आषाढात, पाऊस लागून हवा गार झाल्यावर, माझ्या हातानं तोच प्रयोग त्याच बटणावर पुन्हा केला. तळाला काजळ. दुसऱ्यांदा केला. काजळ. आता कुपीत चार नळ्यांपुरतंच एन्झाइम उरलं होतं. मी तुला समोर बसवलं. खरं म्हणजे बसवलंही नाही, उभंच ठेवलं.

"बेचाळीस कुठून आणलंस?"

"वही वाच की, अक्का."

"वाचली. वहीत बेचाळीस आहे आणि बटण सदतिसावर आहे."

"लाख मोडली न्हाय न्हवं? मग वाच की नीट."

मला तो उद्धटपणा वाटला. मी म्हणाले, "लांबीच्या मापासाठी आणलेला तयार डीएनएचा तुकडा तू नकलेच्या जागी घातलास आणि त्याची रेघ मला दाखवलीस." शब्दन् शब्द आठवतो मला. तूही विसरली नसशील.

तू ॲप्रन काढलास, खुंटीला लावलास, कॉलर सारखी केलीस. सशांना पाला घातलास. दारात गेल्यावर म्हणालीस, "साकु." अक्का सोडलं तर माझ्याकडून शिकलेला तो एकच कानडी शब्द, पुरे म्हणून. नेहमी आपलं भांडण तू त्याच शब्दानं मिटवायचीस आणि मग चहा टाकायचीस. त्या दिवशी चहा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तू आलीस, हे मला अजून नवल वाटतं. रोज येत राहिलीस. मी मॅग्नेशियमचे जुने आकडे पुन्हा पुन्हा मांडायची, तू काचसामान धुवायचीस. तुला जिना चढवेना तेव्हा तू प्रत्येक वळणावर थांबायचीस, आणि मी वरच्या दारात किल्ली सापडत नसल्याचं नाटक करायची, म्हणजे तुला घाई नको. किल्ली मुठीतच असायची. तुला ते कळत होतं का? मला वाटतं कळत होतं. संशय घेतलेल्या माणसाचीही काळजी वाटते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते मी त्या जिन्यावर शिकले.

आणि लाईट गेली की फ्रीजर तूच सांभाळायचीस. बर्फात मीठ घालून कुपीभोवती रचायचीस, वर तुझ्या खोलीतली चादर गुंडाळायचीस. सोलापुरी चादर माणसाला ऊब देते, तू तिनं गारवा राखलास. मी एकदा कुत्सितपणे विचारलं की ज्या एन्झाइमवर आता काही करायचंच नाही त्याला इतकं का जपतेस. तू म्हणालीस, "लागंल कदी तरी." एवढंच.

दिवाळीत तुला इस्पितळात हलवलं. मी रोज यायची, डाळिंब सोलून द्यायची. आपण सशांबद्दल बोललो, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सुनेबद्दल बोललो. एका संध्याकाळी तू उशीवर मान फिरवून म्हणालीस, "अक्का, ती वही..." मी घाईनं म्हणाले, "आधी बरी हो. मग भांडू." मला वाटलं मी तुला जपते आहे. खरं तर भीती मला होती. तू कबुली देशील, याची भीती. मग तुला काय तोंड दाखवणार होते मी. तू डोळे मिटून घेतलेस, आणि चौथ्या दिवशी गेलीस. एका गोष्टीचं समाधान आहे. तुझा श्वास शेवटी शेवटी करवतीसारखा वाजायचा, तो थांबला. तुझ्या आईनंही तेच म्हटलं, सुटली माझी बाय.

तुझं सामान न्यायला आई आली ती थंडी पडल्यावर. ट्रंक भरून झाली तेव्हा वही हातात घेऊन म्हणाली, "ही तुमची. हितंच ठिवा. ती म्हनायची, अक्काला घाई करायची न्हाय. ती एकदा चूक म्हनली की वरीसभर चूकच म्हनती, मग आपल्या पायानं येऊन बरुबर म्हनती."

मी विचारलं, "कशाबद्दल म्हणायची?"

"त्ये मला काय ठावं, बाई. डावं पान वाचलं की बोलंल अक्का, आसं म्हनायची. आजारपनातबी हासायची त्यावर."

कमल, तू हसायचीस. मी तुला खोटी ठरवलं होतं आणि तू माझ्या हट्टावर आईजवळ हसायचीस. आई बसस्टँडला गेली आणि मी मे महिन्याचं पान उघडलं. उजवं नाही, डावं.

"अक्का अक्कलकोटला. दुपारचे दोन. खोलीत ४३. पश्चिमेचं ऊन थेट डब्यावर, शेजारी काचा वाळवायची भट्टी चालू. झाकण घट्ट लावलं. थर्मामीटर पाण्यात धरला, ४२. तासभर दर पाच मिनिटाला बघितला, हलला न्हाय. बटण ३७ वरच. लाखेला हात लावला न्हाय. अक्काचा नियम मोडला न्हाय आणि कोंबडीची सोय झाली. काळ्या सशानं पाला खाल्ला."

वॉटरबाथ पाणी तापवतो, निववत नाही. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. बटण सदतिसावर असलं आणि खोलीच त्याहून गरम असली, तर बटणाला कोण विचारतं? सोलापुरात जन्म घेतलेल्या बाईला हे सुचू नये? थंडीत सदतीस, पावसात सदतीस, आणि मे महिन्याच्या दुपारी तू धरून दाखवलंस ते बेचाळीस. मी म्हणत होते एकच गोष्ट बदलते आहे, आणि ऊन चढलं की ऊब आपली आपण बदलत होती. मी बटण बंद केलं होतं, उन्हाळा नव्हता केला.

तू माझी लाख मोडू शकत होतीस. मी लांब होते, कळलंही नसतं. पण तू माझा नियम पाळलास आणि सूर्याला कामाला लावलंस. इतका प्रामाणिकपणा मला खोटेपणा वाटला, याला काय म्हणावं.

पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. तास उलटला आणि दुसरा विचार आलाच. खोटं लिहिणारी बाई डाव्या पानावरही खोटं लिहू शकते. लाज वाटली तरी विचार गेला नाही, आणि तो घालवायला एकच उपाय होता. कुपीत चार नळ्यांपुरतं एन्झाइम होतं. आठ महिने शिळं, कितीदा लाईट गेलेली. दोन नळ्या सदतिसाला, दोन बेचाळिसाला. बेचाळिसाला रेघ आली तर तू खरी. चारही नळ्या रिकाम्या निघाल्या तर एन्झाइम मेलं की तू खोटी, हे मला मरेपर्यंत कळणार नव्हतं. उघडण्याआधी मी कुपी दोनदा खाली ठेवली.

संक्रांतीचा दिवस. बाहेर तीळगूळ चालला होता आणि मी कडी लावून आत. आधी सदतिसाच्या दोन नळ्या केल्या. मग लाख मोडली, बटण फिरवलं, आणि तुझ्यासारखा थर्मामीटर पाण्यात धरून बसले. आकड्यावर विश्वास ठेवला नाही. पारा बेचाळिसावर आला तेव्हा बाकीच्या दोन आत सोडल्या आणि तासभर दर पाच मिनिटाला बघितलं.

फिल्म पाच दिवस काळ्या पेटीत ठेवली आणि मग सात रस्त्याला आपल्या नेहमीच्या एक्स-रेवाल्या रशीदभाईंकडं नेली. ते आपल्या फिल्म धुवून द्यायचे आणि दर वेळी विचारायचे, "ये कौनसी हड्डी है?" तू सांगायचीस, "खरगोश की." या खेपेला त्यांनी विचारलं नाही. मला म्हणाले, "कमलबाई के हार्ट का फोटू भी मैंच निकाला था, मॅडम. भोत बडा हार्ट था." डॉक्टरांनी ते आजाराचं लक्षण म्हणून सांगितलं होतं. रशीदभाई तसं म्हणत नव्हते.

अंधाऱ्या खोलीतून त्यांनी ओली फिल्म आणली आणि खिडकीशी धरली. खाली रिक्षांचे भोंगे वाजत होते. पहिल्या दोन खाचांत, सदतिसाच्या, तळाला काजळ. पुढच्या दोन खाचांत वर, हवी तिथं, एकेक काळी रेघ. मे महिन्यातल्यापेक्षा फिकी होती, एन्झाइम म्हातारं झालं होतं. पण रेघ होती.

"अच्छा है के खराब?" रशीदभाईंनी विचारलं.

"अच्छा है," मी म्हणाले आणि त्यांच्या स्टुलावर बसून पोटभर रडले. त्यांनी पंखा लावला, मग थंडी आहे हे लक्षात येऊन बंद केला, आणि चहा सांगितला. कमल, तुला सांगते, इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. तू गेलीस ते गेलीसच. पण तू जशी होतीस तशीच राहून गेलीस, आणि ती मैत्रीण मला परत मिळाली. निबंध लिहायला घेतलाय, तुझं नाव पहिलं. विभागप्रमुख काही बोलले तर मी बघून घेईन. माफी मात्र कुठल्या रकान्यात लिहायची ते कळेना.

म्हणून काल फिल्म घेऊन एस.टी.नं तुझ्या गावी गेले. आईनं ती उन्हात धरून बघितली. म्हणाली, "ही रेघ तिची व्हय?" मी म्हटलं, हो, तिची. मग मी म्हटलं, तुमच्याकडं खुडूक कोंबडी आहे का. ती माझ्याकडं बघायला लागली, तिलाही बहुतेक सूर्य कुठं उगवतो तेच आठवलं. पण खुराड्याकडं घेऊन गेली.

आज सकाळी प्रयोगखोलीत आले. उजव्या पानावर इंग्रजीत तक्ता भरला, सही केली. मग तुझ्या पंचांगाच्या खाली, डाव्या पानावर, पहिल्यांदा मी मराठीत लिहिलं. तेवढं इथं उतरवते आणि थांबते.

"खोलीत २४. पाण्यात ४२. लाख मी मोडली. कमलनं लिहिलेलं बरोबर. काळ्या सशानं पाला खाल्ला. काल कोंबडीच्या पोटाखाली हात घातला. तिनं टोचलं, पण काढला नाही. ताप आलेल्या लेकरासारखंच लागतं."